कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटलमधला कामाचा दिवस : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एका मोठ्या कंपनीच्या फायनान्स विभागातून तिच्याच कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटल विभागात, म्हणजे नव्या, छोट्या कंपन्यांत तिचे पैसे गुंतवणाऱ्या विभागात माझी बदली झाली, तेव्हा दिवसभर अशा कंपन्यांच्या संस्थापकांना भेटायचे, त्यांच्या कल्पना ऐकायच्या आणि त्यांतली उत्तम निवडून तिच्यात कंपनीचे पैसे घालायचे, अशी माझी समजूत होती. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी कॅलेंडर उघडून तास मोजले. संस्थापकांबरोबर गेलेला वेळ पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. उरलेला सारा वेळ माझ्याच कंपनीतल्या माणसांबरोबर गेला होता: बिझनेस युनिटचे (एकेक व्यवसाय सांभाळणाऱ्या शाखांचे) प्रमुख, लीगल, फायनान्स, प्रोक्युरमेंट (खरेदी), माहिती-सुरक्षा विभाग. बाहेरून हे काम निवडीचे दिसते, प्रत्यक्षात ते बरेचसे मध्यस्थीचे असते. नवा माणूस बहुधा इथेच गोंधळतो, म्हणून हा लेख दिवसाच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. स्वतंत्र व्हेंचर फंड अनेक गुंतवणूकदारांकडून पैसे उभे करतो आणि ठरावीक मुदतीत, साधारणपणे दहा वर्षांत, त्यांतून जे मिळेल ते त्यांना परत करण्यास बांधलेला असतो. कॉर्पोरेट फंडाचा पैसा एकाच मालक कंपनीचा असतो आणि तिला परताव्याबरोबर आणखी काही हवे असते: नव्या तंत्रज्ञानाची आगाऊ चाहूल, नवा पुरवठादार, नवी बाजारपेठ. इंटेलने १९९१ मध्ये आणि गूगलने २००९ मध्ये असे विभाग सुरू केले, पण दोन्हींची घडण एकसारखी नाही. इंटेल कॅपिटलचे काम दीर्घकाळ कंपनीच्या उत्पादनांना पूरक अशा व्यवसायांभोवती फिरले, तर गूगल व्हेंचर्सने, म्हणजे आजच्या जीव्हीने, मुख्यतः आर्थिक परताव्याकडे पाहिले. तुमचा विभाग यांपैकी कोणत्या टोकाच्या जवळ आहे, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्या, कारण पुढचा सगळा दिनक्रम त्यावर ठरतो. खालील वर्णन ‘धोरणात्मक’ म्हणवणाऱ्या, म्हणजे मालक कंपनीच्या व्यवसायाला पूरक लाभ शोधणाऱ्या विभागाचे आहे.

१. पहिल्याच आठवड्यात ही कागदपत्रे मागून घ्या

- गुंतवणूक धोरण: कोणती क्षेत्रे, कोणता टप्पा, एका कंपनीत जास्तीत जास्त किती रक्कम.
- अधिकार-मर्यादांचा तक्ता: किती रकमेपर्यंत कोणाची सही चालते आणि कोणता प्रस्ताव संचालक मंडळापर्यंत न्यावा लागतो.
- मागील दोन-तीन वर्षांचे इन्व्हेस्टमेंट कमिटीपुढचे (गुंतवणूक मंजूर करणाऱ्या समितीपुढचे) मेमो, म्हणजे प्रस्तावांची टिपणे, मंजूर आणि नामंजूर दोन्ही.
- पोर्टफोलिओतल्या (आधी गुंतवणूक केलेल्या) प्रत्येक कंपनीचा कॅप टेबल (कोणाकडे किती हिस्सा याचा तक्ता) आणि भागधारक करार.
- टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) आणि गोपनीयता करार यांचे कंपनीचे नमुने.
- कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास, अंतर्गत माहिती आणि शेअर-व्यवहारांबाबतचे नियम.

साधनांमध्ये सीआरएम (संपर्क आणि भेटींच्या नोंदी ठेवणारी प्रणाली), स्प्रेडशीट आणि डेटा रूमचा (गोपनीय कागदपत्रे ठेवलेल्या ऑनलाइन जागेचा) प्रवेश एवढे पुरते. यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नामंजूर मेमो. मंजूर प्रस्तावांच्या मेमोंमध्ये सगळे गुण लिहिलेले असतात. कमिटी खरोखर कशाला बिचकते हे नामंजूर प्रस्तावांच्या टिपणांतच सापडते. मला ते मागण्याची बुद्धी सहा महिन्यांनी झाली. तोवर मी एकाच आक्षेपावर दोनदा परत पाठवला गेलो होतो.

२. सकाळचा पहिला तास: पाईपलाईन

सकाळी ईमेल उघडण्याआधी पाईपलाईन, म्हणजे विचाराधीन कंपन्यांची यादी, उघडा. त्यात येणाऱ्या कंपन्यांचे मार्ग ठरलेले असतात: इतर फंडांनी सुचवलेल्या, बिझनेस युनिटच्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या, परिषदांमध्ये भेटलेल्या, आणि ओळखीविना थेट लिहिणाऱ्या. प्रत्येक नोंदीपुढे पुढचे पाऊल, ते उचलणारी व्यक्ती आणि तारीख असायला हवी. यांपैकी एकही रकाना रिकामा असेल तर ती नोंद जिवंत नाही असे समजा आणि त्या संस्थापकाला आजच उत्तर द्या.

सापळा: मोठ्या कंपनीत ‘नाही’ म्हणणे सहसा कोणालाच आवडत नाही. आज ज्याला नकार द्यायचा तो उद्या पुरवठादार, ग्राहक किंवा अधिग्रहणाचे लक्ष्य ठरू शकतो, या विचाराने लोक भिजत घोंगडे ठेवतात. संस्थापकाची बाजू मात्र वेगळी असते. त्याच्या खात्यात सात-आठ महिने पुरतील एवढेच पैसे असू शकतात, आणि तुमच्या कंपनीचे नाव मोठे असल्यामुळे तुमच्या मौनातूनही तो आशा काढतो. नकाराचे पत्र चार ओळींचे असावे आणि त्यात एक खरे कारण असावे. ‘सध्या आमच्या धोरणात बसत नाही’ हे वाक्य खरोखर धोरणात बसत नसेल तेव्हाच लिहा. बिझनेस युनिटने रस दाखवला नसेल तर तसेच सांगा. निदान तो दुसऱ्या दाराकडे वळेल.

३. संस्थापकाबरोबरची पहिली भेट

पहिल्या पाच मिनिटांत स्वतःबद्दल चार गोष्टी सांगून टाका: तुम्ही साधारण किती रक्कम गुंतवता, गुंतवणूक फेरीचे (अनेक गुंतवणूकदार एकाच वेळी पैसे घालतात तिचे) नेतृत्व करता की दुसऱ्याने नेतृत्व केलेल्या फेरीत सहभागी होता, निर्णय कोण घेते आणि त्याला किती आठवडे लागतात, आणि त्याने दिलेली माहिती कंपनीत कोणाकोणाकडे जाते. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मी तो स्वतःच्या चुकीतून शिकलो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका संस्थापकाने पाठवलेले सादरीकरण मी उत्साहाने आमच्या उत्पादन विभागातल्या एका सहकाऱ्याकडे पुढे पाठवले. ‘कसे वाटते ते कळवा’ एवढीच ओळ त्यावर होती. त्याने ते आपल्या गटात फिरवले. काही आठवड्यांनी त्या गटाच्या तिमाही आढाव्यात जवळजवळ तशाच कल्पनेचा अंतर्गत प्रकल्प मांडला गेला. तो गट त्यावर आधीपासून काम करत होता, हे नंतर कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. पण संस्थापकाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात दाखवण्यासारखे काहीच नव्हते, कारण कोणाला काय पाठवले याची मी नोंदच ठेवली नव्हती. ती गुंतवणूक झाली नाही. लीगल विभागाबरोबर दोन आठवडे मात्र गेले.

तेव्हापासून मी पाळत असलेली पद्धत अशी. पहिल्या भेटीत गोपनीय काहीही मागायचे नाही आणि संस्थापक देऊ लागला तरी थांबवायचे. सोर्स कोड, उत्पादनाचे सूत्र, ग्राहकनिहाय दर यांची पहिल्या भेटीत गरजच नसते. सादरीकरण पुढे पाठवायचे असेल तर ज्यांना पाठवायचे त्यांची नावे संस्थापकाला आधी लिहून कळवायची आणि त्याची लेखी संमती घ्यायची. पुढे तांत्रिक तपासणीची वेळ येईल तेव्हा त्या विषयावर प्रतिस्पर्धी उत्पादन बनवत असलेल्या अभियंत्यांना बाजूला ठेवून वेगळा तपासणी गट नेमायचा. यात वेळ जातो आणि सहकारी कुरकुरतात, पण हा वेळ वाचवू नका.

४. बिझनेस युनिटकडे: दिवसाचा खरा मध्य

कॉर्पोरेट गुंतवणुकीचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. धोरणात्मक लाभ मिळायचा तर बिझनेस युनिटमधल्या कोणीतरी त्या छोट्या कंपनीचे उत्पादन वापरून पाहायला हवे, विकायला हवे किंवा आपल्या उत्पादनाला जोडायला हवे. त्या माणसाला मात्र तुमच्या गुंतवणुकीशी काही देणेघेणे नसते. त्याचे मूल्यमापन या वर्षीच्या विक्रीवर आणि खर्चावर होते; तुम्ही आणलेली कंपनी कदाचित चार वर्षांनी उपयोगी पडेल.

एक प्रसंग सांगतो. एका युनिटच्या प्रमुखांपुढे मी पंधरा मिनिटे सादरीकरण केले. त्यांनी शांतपणे ऐकले, छापील प्रत शेवटच्या पानापासून उलट चाळली, किमतीच्या तक्त्यावर पेन टेकवले आणि एकच प्रश्न विचारला: “हे माझ्या कोणत्या ओळीत बसतं?” ओळ म्हणजे बजेटची ओळ. माझ्याकडे उत्तर नव्हते. ते हसून म्हणाले, “छान आहे, पाहू या.” मी परत येऊन पाईपलाईनमध्ये ‘युनिटला रस आहे’ असे लिहिले. तो रस नव्हता, ती सभ्य बोळवण होती, हे कळायला मला तीन महिने लागले.

आता मी बैठकीतून उठण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे घेतो, आणि ती मिळाली नाहीत तर नोंद ‘रस नाही’ अशीच करतो. पायलटचा (छोट्या प्रमाणावरच्या चाचणी-वापराचा) खर्च कोणाच्या बजेटमधून होणार? युनिटमधला कोणता माणूस आठवड्याला किती तास देणार? पायलट यशस्वी झाला हे कोणत्या आकड्यावरून ठरवणार? आणि यशस्वी झाला तर त्यानंतर खरेदीचा निर्णय कोण घेणार? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पायलट उत्तम होऊनही पुढे कोणी वालीच नाही, हे या क्षेत्रातले सर्वांत नेहमीचे चित्र आहे.

पायलट ठरला की प्रोक्युरमेंट सुरू होते. पुरवठादार म्हणून नोंदणी करताना मोठी कंपनी तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विम्याची प्रमाणपत्रे आणि माहिती-सुरक्षेची शेकडो प्रश्नांची प्रश्नावली मागते. दीड वर्ष वयाच्या कंपनीकडे यांतले काहीच नसते. माझ्या एका प्रकरणात गुंतवणुकीची रक्कम दहाव्या आठवड्यात खात्यात जमा झाली आणि त्याच कंपनीच्या छोट्याशा पायलटची खरेदी ऑर्डर निघायला सात महिने लागले. म्हणून गुंतवणुकीची चर्चा सुरू होते त्याच दिवशी प्रोक्युरमेंट आणि माहिती-सुरक्षा विभागांना कळवा, आणि लहान पुरवठादारांसाठी काही सुटसुटीत मार्ग आहे का ते विचारा. नसेल तर तो तयार करून घेणे हे तुमच्याच कामाचा भाग समजा.

सापळा: एकाच समर्थकावर विसंबणे. मोठ्या कंपनीत बदल्या होत राहतात. ज्या व्यक्तीने पायलटला पाठिंबा दिला ती पुढच्या तिमाहीत दुसऱ्या खात्यात असू शकते, आणि नव्या व्यक्तीला आधीच्याचे प्रकल्प सहसा आपले वाटत नाहीत. प्रत्येक कंपनीसाठी युनिटमध्ये दोन माणसे जोडा, शक्यतो वेगवेगळ्या स्तरांवरची.

५. दुपार: कॅप टेबल आणि टक्केवारी

जेवणानंतरचे दोन तास मी आकड्यांसाठी राखून ठेवतो आणि त्या वेळात बैठका घेत नाही. एक साधे उदाहरण पाहा. गुंतवणुकीपूर्वीचे मूल्यांकन ८० लाख डॉलर आणि फेरी २० लाख डॉलरची असेल, तर गुंतवणुकीनंतरचे मूल्यांकन १ कोटी होते आणि नव्या गुंतवणूकदारांना २० टक्के हिस्सा मिळतो. आता टर्म शीटमध्ये बारीक अक्षरात असे असेल की फेरीनंतर १० टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या ऑप्शन पूलसाठी (त्यांना पुढे द्यायच्या शेअरच्या साठ्यासाठी) राखीव असावेत आणि तो पूल गुंतवणुकीपूर्वीच्या मूल्यांकनात धरावा, आणि आधीचा पूल नसेल, तर जुन्या भागधारकांकडे ७० टक्केच उरतात. म्हणजे ८० लाख ऐकून खूश झालेल्या संस्थापकाची कंपनी प्रत्यक्षात ७० लाखांना धरली गेली. यात पाणी कुठे मुरते हे तुम्हाला कागदावर मांडता आले पाहिजे.

दुसरा हिशेब तुमच्या स्वतःच्या विभागाचा आहे. वरच्या फेरीत तुम्ही ५ लाख घातले तर तुमचा हिस्सा ५ टक्के. पुढची फेरी ६० लाखांची आणि गुंतवणुकीपूर्वीचे मूल्यांकन २ कोटी ४० लाख असेल, तर नवे शेअर २० टक्के होतात आणि तुमचा हिस्सा ४ टक्क्यांवर येतो. तो ५ टक्के राखायचा तर ३ कोटींचा १ टक्का, म्हणजे आणखी ३ लाख घालावे लागतात. स्वतंत्र फंड अशा फॉलो-ऑनसाठी रक्कम आधीच राखून ठेवतो. वेगळा फंड न काढता स्वतःच्या ताळेबंदातून गुंतवणूक करणाऱ्या कंपनीत बहुधा वार्षिक बजेट असते आणि पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी आज कोणी पैसे बाजूला ठेवत नाही. पहिल्या मेमोतच ही संभाव्य रक्कम लिहा. नाहीतर पुढच्या फेरीत तुम्ही पैसे घालणार नाही, आणि बाहेरचे गुंतवणूकदार त्याचा अर्थ ‘आतल्या माणसांचाच विश्वास उडाला’ असा लावतील.

फायनान्स विभागाशी बोलताना २० टक्क्यांची रेषा लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २८ नुसार मतदानाचा हक्क २० टक्के किंवा अधिक असेल, तर त्या कंपनीवर तुमचा लक्षणीय प्रभाव आहे असे गृहीत धरले जाते, आणि साधारणपणे तिच्या नफा-तोट्यातला वाटा तुमच्या मालक कंपनीच्या हिशेबात येऊ लागतो. तोट्यातल्या कंपन्यांचा वाटा आपल्या तिमाही निकालात यावा असे कोणत्याही वित्तप्रमुखाला वाटत नाही. संचालकपद घेतल्यास हा प्रभाव २० टक्क्यांखालीही सिद्ध होऊ शकतो, आणि कॉर्पोरेट फंड पुष्कळदा संचालकाऐवजी ऑब्झर्व्हरची (बैठकीला बसणाऱ्या, पण मत नसलेल्या निरीक्षकाची) जागा मागतात त्याचे हे एक कारण आहे. काही गुंतवणूक संस्थांना मानकातच वेगळी मुभा आहे; ती तुम्हाला लागू पडते का हे टर्म शीट पाठवण्यापूर्वी विचारा.

६. टर्म शीट आणि ड्यू डिलिजन्स

ड्यू डिलिजन्सच्या (गुंतवणुकीपूर्वीच्या सखोल तपासणीच्या) याद्या लीगलकडे तयार असतात, त्यात शिरत नाही. कॉर्पोरेट गुंतवणूकदाराने जपून मागायच्या गोष्टींबद्दल मात्र बोलले पाहिजे. तुमच्या कंपनीतला कोणीतरी नक्की म्हणेल, “पैसे घालतोच आहोत, तर उद्या ती कंपनी विकली जाईल तेव्हा पहिला हक्क आपला ठेवा.” हा प्रथम नकाराचा हक्क ऐकायला निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात, आपण बोली लावलेली कंपनी शेवटी तुमच्याच हाती जाऊ शकते हे दिसले तर दुसरा खरेदीदार तपासणीवर वेळ आणि पैसा घालवतच नाही, आणि कंपनीची किंमत पडते. जाणता संस्थापक आणि फेरीचा नेता दोघेही यावर उठून जातात. विक्रीची चर्चा सुरू झाल्याची सूचना मिळावी, एवढी मागणी बहुधा मान्य होते. मी तिथेच थांबतो. प्रतिस्पर्ध्यांना माल न विकण्याची अट तर मागूच नका.

गुंतवणूक आणि व्यापारी करार यांची गाठ मारतानाही सावध राहा. ड्यू पाँट या अमेरिकी रसायन कंपनीने १९१७ ते १९१९ या काळात जनरल मोटर्स या मोटार कंपनीचा सुमारे २३ टक्के हिस्सा घेतला, आणि मोटारींसाठी लागणारा रंग व कापड यांची मोठी पुरवठादार तीच होती. तो हिस्सा स्पर्धेला मारक ठरतो, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी दिला. तुमचा चेक कितीही लहान असला तरी व्यापारी करार स्वतंत्र कागदावर, स्वतंत्र माणसांनी आणि स्वतंत्र किमतीवर केलेला असावा.

७. कमिटीचा मेमो

मेमो सहा-सात पानांहून मोठा करू नका. पहिल्या पानावर रक्कम, हिस्सा, फेरीचा नेता, धोरणात्मक कारण, आणि ही गुंतवणूक बुडाली तर बहुधा कशाने बुडेल याचे एक स्पष्ट वाक्य असावे. धोरणात्मक लाभ ‘समन्वय’, ‘परिसंस्था’ अशा शब्दांत न लिहिता माणसाच्या नावाने आणि तारखेने लिहा: अमुक युनिट अमुक तिमाहीपर्यंत अमुक ठिकाणी पायलट करील.

कमिटीतल्या प्रत्येक सदस्याला बैठकीपूर्वी एकेकटे भेटा. यात कारस्थान काहीच नाही; बैठकीत पहिल्यांदा ऐकलेल्या कल्पनेला नाही म्हणणे सर्वांत सोपे असते.

८. पोर्टफोलिओ आणि ऑब्झर्व्हरची खुर्ची

ज्या दिवशी पोर्टफोलिओतल्या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक असते, त्या दिवशी बाकीचे काम बाजूला पडते. ऑब्झर्व्हरला मत नसते, पण कान असतात, आणि अडचण त्यांचीच आहे. तिथे तुम्ही तुमच्याच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांबद्दलच्या चर्चा ऐकता. तुमच्या युनिटशी चाललेल्या दराच्या वाटाघाटीचा विषय निघाला की कोणी सांगण्याची वाट न पाहता खोलीबाहेर जा आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्या.

हितसंबंध नेहमी पहिल्या दिवशी दिसतात असे नाही. गूगल व्हेंचर्सने २०१३ मध्ये उबरमध्ये सुमारे २५.८ कोटी डॉलर घातले आणि गूगलचे एक वरिष्ठ अधिकारी तिच्या संचालक मंडळावर गेले. पुढे दोन्ही कंपन्या स्वयंचलित मोटारींच्या शर्यतीत आमनेसामने आल्या. त्या अधिकाऱ्याने २०१६ मध्ये संचालकपद सोडले, २०१७ मध्ये गूगलच्या मालक कंपनीतल्या वेमोने व्यापारी गुपितांवरून उबरवर दावा ठोकला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. म्हणून दर सहा महिन्यांनी पोर्टफोलिओची यादी आणि आपल्या कंपनीच्या नव्या प्रकल्पांची यादी शेजारी ठेवून पाहा. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते करणारे विभाग मी फार थोडे पाहिले.

९. संध्याकाळ

शेवटचा पाऊण तास टिपणांसाठी ठेवा. कोणाला भेटलो, काय ऐकले, कोणते कागद कोणाला दिले, हे त्याच दिवशी सीआरएममध्ये गेले पाहिजे. तिसऱ्या क्रमांकात सांगितलेल्या प्रसंगी माझ्याकडे नेमकी हीच नोंद नव्हती. तिमाही संपत आली असेल तर फायनान्सला प्रत्येक गुंतवणुकीचे वाजवी मूल्य द्यावे लागते. शेवटच्या फेरीची किंमत तशीच उतरवून देऊ नका, मधल्या काळात विक्री घसरली आहे का ते आधी विचारा. गुंतवणुकीची बातमी जाहीर व्हायची असेल तर निकालांपूर्वीचा मौनकाळ सुरू आहे का तेही पाहून घ्या. संस्थापकाने ठरवलेली तारीख आणि तुमच्या जनसंपर्क विभागाची परवानगी यांचा मेळ आपोआप कधीच बसत नाही.

मग सकाळची पाईपलाईन पुन्हा उघडा. ज्याला आज उत्तर द्यायचे ठरले होते त्याला ते पाठवूनच संगणक बंद करा. शुक्रवार असेल आणि उत्तर नकाराचे असेल, तर ते दुपारी तीनपूर्वी पाठवा आणि त्यानंतरचा तासभर फोन मोकळा ठेवा. पुष्कळजण कारण विचारायला फोन करतात, आणि त्या वेळी तुम्ही उपलब्ध नसलात तर त्यांना ते सोमवारपर्यंत कळत नाही.